गावकूस नसलेल्यांचे साहित्य

दलित साहित्याच्या समीक्षेत 'गावकुसाबाहेरचा' हा शब्द आता इतका रुळला आहे की तो वापरताना कुणी थांबत नाही. हा शब्द एक गोष्ट गृहीत धरतो. गाव आहे, गावाला कूस आहे आणि कुसाबाहेर का होईना, आपली एक ठरलेली जागा आहे. महारवाडा गावाबाहेर होता, पण गावाच्या दप्तरात होता. वतनाची नोंद होती, मढे ओढण्याची पाळी ठरलेली होती, शिव्या देणाऱ्याला आपल्या बापाचे नाव ठाऊक होते. आपल्या साहित्यातला संताप म्हणूनच नेमका आहे. त्याला पत्ता आहे. प्रश्न असा की, ज्यांना गावही नाही, कूसही नाही आणि कोणत्याच दप्तरात नीट नावही नाही, त्यांच्या जगण्याला हा शब्द पुरतो काय? माझ्या मते पुरत नाही. आणि पुरत नाही म्हणूनच नागपूरहून एका दिवसाच्या एसटी प्रवासावर राहणारा एक दलित समाज आपल्या समीक्षेला दिसत नाही आणि चळवळीलाही दिसत नाही.

मायभूमी नसल्याची जाणीव आपल्या साहित्याला नवी नाही. १९३१ साली मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना आपल्याला मायभूमी नाही असे तोंडावर सांगितले. दलित कवितेतील नकाराचे मूळ या एका वाक्यात शोधता येते. परंतु बाबासाहेबांचे ते वाक्य हा एक दावा होता. ज्या भूमीवर आमच्या पिढ्यान्‌पिढ्या राबल्या, ती भूमी आम्हाला माणूस म्हणून वागवत नसेल तर तिला आपली कसे म्हणावे, असा तो जाब होता. जाब विचारणाऱ्याचे पाय त्या भूमीवर होते. १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले आणि या जाणिवेचे क्षेत्र विस्तारले. कैकाडी समाजाचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर. त्याला गावकूस नव्हते. होता तो फक्त मुक्काम. १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः चोर ठरवले, त्यांची नोंद घेणारे दप्तर एकच, पोलिसांचे. १९५२ साली तो कायदा गेला. पण आज जातीचा दाखला मागायला गेलेल्या भटक्या-विमुक्ताला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याला कुठे राहूच दिले नाही त्याने कुठे राहत होता हे सिद्ध करायचे! म्हणजे 'उपरा' आणि 'उचल्या' यांच्या वाचनात आपल्यासमोर गावाच्या जागी एक नवीच वस्तू येते. ती म्हणजे कागद.

या वाटेने आणखी एक पाऊल टाकले की आपण नमोशूद्रांपाशी येतो. पूर्व बंगालातील ही मोठी अस्पृश्य जात. शिरगणतीत तिला 'चांडाळ' म्हणत. दीर्घ लढ्यानंतर १९११ च्या शिरगणतीत 'नमोशूद्र' हे नाव लागले. या लोकांचे आपल्यावर ऋण आहे. १९४६ साली घटना समितीत जायला बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून वाट उरली नव्हती. तेव्हा नमोशूद्रांचे नेते जोगेंद्रनाथ मंडल यांनी पुढाकार घेतला आणि बाबासाहेब बंगालमधून निवडून गेले. पुढे फाळणी झाली. बाबासाहेबांचे ते सदस्यत्व संपले आणि जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. त्यांच्यासाठी मुंबईची वाट उघडली. पाठीशी उभे राहिलेले लोक मात्र पाकिस्तानात राहिले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले आणि १९५० साली राजीनामा देऊन भारतात परतले. त्यांच्या मागे त्यांचे लोक लाटांनी येत राहिले. आधी छावण्या, आणि १९५८ नंतर दंडकारण्य प्रकल्प. कोरापूट, बस्तर आणि तेव्हाचा आपला चंद्रपूर जिल्हा. आज गडचिरोलीच्या मूलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत, चंद्रपूरच्या बंगाली कॅम्पात जे लोक राहतात ते हे.

या समाजाचे आत्मकथन मनोरंजन ब्यापारी यांनी लिहिले आहे. 'इतिवृत्ते चंडाल जीवन' हे बंगालीत २०१२ साली आले, इंग्रजीत २०१८ साली. आपल्या आत्मकथनांशी ते ताडून पाहिले म्हणजे फरक ध्यानात येतो. आपल्याकडे लेखक वस्ती सोडून शहरात येतो, शिकतो, आणि मागे वळून पाहतो. या वळून पाहण्यातूनच आत्मकथनाची बांधणी होते. आई तिथे असते, पाणवठा तिथे असतो, अपमानाची जागा बोटाने दाखवता येते. ब्यापारींना वळून पाहायला जागाच नाही. त्यांचे बालपण निर्वासितांच्या छावणीत गेले. पुढे चहाची दुकाने, तुरुंग, जादवपूरची सायकलरिक्षा, मग शंकर गुहा नियोगींच्या दल्ली-राजहराचे कामगार आंदोलन. अक्षर ओळखले तेही तुरुंगात. पुस्तक एका ठिकाणी ठरत नाही. आपल्या नेहमीच्या निकषांनी वाचणारा याला विस्कळीत म्हणेल. माझ्या मते ही विस्कळीतता जीवनानुभवातून आलेली आहे आणि तीच या पुस्तकाची घडण आहे. ज्याला जमीन मिळाली नाही त्याच्या कथेला मध्यबिंदू कुठून मिळणार? शीर्षकातील 'चंडाल' हा शब्द मात्र आपल्याला ओळखीचा वाटावा. घाव म्हणून मिळालेला शब्द हत्यार म्हणून उचलण्याची ही आपलीच परंपरा आहे.

या पुस्तकाचे देशभर कौतुक झाले. परंतु हे कौतुक मुख्यतः रिक्षावाल्याचा लेखक झाला या चमत्काराचे होते. छावणी ही त्या चमत्काराची पार्श्वभूमी झाली. प्रस्थापित समीक्षेने आपल्या आत्मकथनांचेही हेच केले होते: एका माणसाच्या जिद्दीचे गोडवे गायचे आणि व्यवस्थेचा प्रश्न तेवढा बाजूला ठेवायचा. निदान आपण तरी हे करू नये. या पुस्तकातून आपण मूलचेऱ्यापर्यंत गेले पाहिजे.

मी मराठी शिकवतो. पदवी घेणारा आमच्या घरातला मी पहिला, आणि ती जातीच्या दाखल्याच्या आधाराने घेतली. त्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत अर्जावरील प्रवर्गाच्या रकान्याकडे माझे लक्ष जाते. गडचिरोलीकडून आलेल्या एका मुलीच्या अर्जावर 'खुला' असे होते. जात विचारली तर म्हणाली, "सर, आम्ही बंगाली." मराठी उत्तम, घरी भातशेती, आजोबा छावणीतून आलेले. तीन पिढ्यांत जातीचे नाव गळून भाषेचे नाव हीच जात झाली. अस्पृश्यता कुठे गेली असा याचा अर्थ नव्हे. ती सांगायला सरकारी शब्द उरला नाही, एवढाच अर्थ.

घटनेच्या ३४१ व्या कलमानुसार अनुसूचित जातींची यादी राज्यवार आहे. पश्चिम बंगालच्या यादीत नमोशूद्र आहेत, ओडिशाच्या यादीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. म्हणजे छावणीतून मलकानगिरीला पाठवलेला भाऊ अनुसूचित जातीचा आणि गडचिरोलीला पाठवलेला भाऊ खुल्या प्रवर्गाचा! कुणाला कोठे पाठवायचे हे सरकारने ठरवले होते. मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली सांगितले की, राज्य बदलले की मूळ राज्यातील अनुसूचित दर्जा सोबत येत नाही. हे स्वेच्छेने आलेल्यांविषयी एकवेळ समजून घेता येईल. सरकारी ट्रकमधून आणलेल्यांना ते कसे लावायचे? शिवाय महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. यादीत नाव घातले तरी साठच्या दशकात आणलेला माणूस तो कोठून आणील?

नागपूरच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपणही केंद्राच्या यादीतून बाहेर पडलो होतो. माणसे तीच, वस्ती तीच, विटाळ तोच. कागदावरचा धर्म तेवढा बदलला. केंद्राच्या सवलती परत मिळायला १९९० उजाडले. कागद माणसाला कसा नाहीसा करतो हे आपण चौतीस वर्षे पाहिले आहे.

नमोशूद्रांना हा मार दोनदा बसतो, कारण जातीच्या कागदाआधी नागरिकत्वाचा कागद उभा आहे. प्रकल्पाच्या यादीतून आले त्यांच्याजवळ पुनर्वसनाची कागदपत्रे आहेत. पण १९७१ नंतर जे नातेवाईक पायी सीमा ओलांडून आले त्यांचे काय? २००३ च्या दुरुस्तीने 'अवैध स्थलांतरित' हा शब्द कायद्यात पक्का केला आणि मुलाचे नागरिकत्व आईबापांच्या कागदाशी बांधले. २०१९ च्या दुरुस्तीने तीन देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना वाट दिली, तिचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. नियम म्हणतात, त्या देशात राहत होता याचा एखादा कागद आणा. आमच्या जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेले सिंधी बांधव आहेत. त्यांनीही वर्षानुवर्षे व्हिसाच्या मुदती मोजल्या. त्यांचे दुःख खोटे नाही. पण ते पासपोर्ट घेऊन आले, आणि २०१६ साली नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढण्याचे अधिकार नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना मिळाले. जळत्या झोपडीतून निघालेला भूमिहीन नमोशूद्र कोणता कागद घेऊन निघाला असेल?

आणि जो धर्माच्या यादीत नाही त्याला तर वाटच नाही. आसामच्या नागरिक नोंदणीतून २०१९ साली एकोणीस लाख माणसे वगळली गेली. त्यातला हिंदू एका दाराने आत येईल आणि शेजारचा मुसलमान बाहेर राहील, हा न्याय दलितांनी आपला मानू नये. जन्मावरून माणसे निवडण्याचा धंदा आपल्याला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. नमोशूद्राला नागरिकत्व देताना राज्यसंस्था त्याला हिंदू म्हणून मोजते. दाखला मागितला की तो अस्पृश्य होता हे तिला आठवत नाही. दोन्ही वेळा तो दलित म्हणून मोजला जात नाही.

काही कार्यकर्ते खासगीत म्हणतात की यादीत नवी जात आली तर आपला वाटा कमी होईल. ही भीती मी टाकाऊ मानत नाही. उपाशी माणूस ताटाकडे पाहणारच. पण यावर उत्तर वाटा वाढवून मागण्याचे आहे. एका दलिताने दुसऱ्याची शिधापत्रिका तपासण्याचे नव्हे.

समीक्षेने यात काय करायचे? बंगाली दलित साहित्य थेट बंगालीतून मराठीत आणायचे. हे काम करू शकतील अशी, दोन्ही भाषा घरात बोलणारी मुले गडचिरोलीत आहेत. त्यांच्या आजोबांच्या छावणीच्या आठवणी ती माणसे हयात आहेत तोवर लिहून घ्यायच्या. अभ्यासक्रमात 'उपरा' शिकवताना सोबत ब्यापारी शिकवायचे. आणि 'गावकुसाबाहेरचे' म्हणताना, ज्यांना अजून गावकूसच मिळालेले नाही त्यांची मोजणी आपल्यात करायची. १९४६ साली त्यांनी आपला माणूस कोणत्या प्रांताचा हे विचारले नव्हते.