पदनाम, क्रम आणि माप : राज्यव्यवहारकोशापासून कॅपिटल कॉम्प्लेक्सपर्यंत

१

चंडीगढच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समधील सचिवालय २५४ मीटर लांब आणि सुमारे ४२ मीटर उंच आहे. ऊन अडविणाऱ्या काँक्रीटच्या उभ्याआडव्या पट्ट्यांची जाळी त्याच्या दर्शनी भागावर एका लयीत पसरलेली आहे. एका ठिकाणी मात्र ही लय मोडते. तेथे काही दालनांची उंची दुप्पट होते आणि जाळीचे घर मोठे होते. तो भाग मंत्र्यांचा. समोरच्या उच्च न्यायालयाच्या मूळ रचनेतही आठ सारख्या न्यायकक्षांची रांग आहे आणि तीन रंगीत खांबांच्या प्रवेशद्वाराने तिच्यापासून अलग काढलेला एक मोठा कक्ष आहे. तो मुख्य न्यायमूर्तींचा. दारावरची पाटी ज्याला वाचता येत नाही त्यालाही येथे पद वाचता येते.

प्रस्तुत निबंधाचा विषय वास्तुकला नाही. पदनाम हा आहे. एखाद्या समूहातील सभासदांची चढउतार लावून त्या प्रत्येक पायरीला दिलेले नाव, असा पदनामाचा अर्थ येथे घेतला आहे. साहित्याचा अभ्यासक अशा नावांकडे सहसा कोशकाराची सामग्री म्हणून पाहतो. मराठीत तर पदनामांची चर्चा बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : शब्द परकीय की स्वकीय? या प्रश्नामुळे दुसरे दोन प्रश्न झाकले गेले, असे माझे प्रतिपादन आहे. नाव बदलल्याने क्रम बदलतो काय? आणि क्रम ठरविण्याचे माप कोणाच्या हाती असते?

२

राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास अष्टप्रधानांची फारसी पदनामे बदलून संस्कृत पदनामे रूढ करण्यात आली. पेशवा हा मुख्यप्रधान झाला. मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत आणि सरनौबत सेनापती झाला. याच प्रेरणेतून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. रघुनाथ पंडितांच्या नावाशी निगडित असलेला हा कोश संस्कृत पद्यात आहे, दहा वर्गांत विभागलेला आहे आणि त्याची घडण अमरकोशाच्या परंपरेतली आहे. विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीने त्यात आपला पूर्वज पाहिला. माधव जूलियनांच्या ‘भाषाशुद्धि-विवेक’ (१९३८) या ग्रंथापर्यंत आणि त्याच्या पुढेही कोशाचे वाचन प्रामुख्याने याच वाटेने होत राहिले.

हे वाचन चुकीचे नाही, अपुरे आहे. कोशातील जोड्या पाहताना आपण दोन शब्द एकमेकांसमोर ठेवतो आणि त्या शब्दांची वरखालची जागा जशीच्या तशी राहिली, याकडे आपले दुर्लक्ष होते. भाषांतर झाले ते नावाचे. क्रमाचे भाषांतर झाले नाही. तो एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहीसलामत पोहोचला. किंबहुना तो तसा पोहोचावा म्हणूनच कोशाची आवश्यकता होती.

नाव मात्र क्रमाइतके आज्ञाधारक ठरले नाही. अठराव्या शतकात बाळाजी विश्वनाथांपासूनच्या पेशव्यांच्या मुद्रेवर ‘मुख्यप्रधान’ हेच पद कोरलेले आहे. लोकांच्या तोंडी ‘पेशवा’ राहिला आणि इतिहासग्रंथांनीही तोच शब्द स्वीकारला. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस यांची कामे संपली, तरी त्यांची पदनामे आडनावे होऊन उरली. मुद्रेची भाषा आणि बोलण्याची भाषा यांतील हे अंतर शुद्धीच्या यशापयशाने मोजण्याचे कारण नाही. पद देणारा आणि पद उच्चारणारा हे दोन वेगळे पक्ष आहेत, एवढेच त्यातून सिद्ध होते.

माप हा तिसरा घटक सभासदाच्या बखरीत स्पष्ट दिसतो. बखरकार कृष्णाजी अनंत याचे ‘सभासद’ हे उपपदच समूहातील स्थान सांगणारे आहे, हा योग सूचक आहे. त्याने नोंदविलेली घोडदळाची उतरंड अशी : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. हिशेब केल्यास हजारीच्या हाताखाली साडेबाराशे स्वार येतात. संख्या पदनामात शिरली की ती मोजण्याचे काम सोडून देते आणि दर्जाचे काम करू लागते. मोगलांच्या मनसबदारीत हीच प्रक्रिया पुढच्या टोकाला गेलेली दिसते. तेथे व्यक्तीचा दर्जा व वेतन दाखविणारा ‘जात’ हा आकडा आणि प्रत्यक्ष बाळगावयाच्या घोडेस्वारांशी निगडित असलेला ‘सवार’ हा आकडा, असे दोन आकडेच करावे लागले. संख्येने दिलेले पद अधिक वस्तुनिष्ठ असते, ही समजूत या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

३

आधुनिक काळात या परंपरेचे दोन टप्पे महत्त्वाचे आहेत. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी सिद्ध करविलेला ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’ (१९३१) हा आठ भाषांचा कोश तौलनिक अभ्यासकाला विशेष मोलाचा आहे. कारण त्यात शासनाचा एकच शब्द संस्कृत, फारसी, मराठी, गुजराती, बंगाली अशा शेजारशेजारच्या रकान्यांत उभा राहतो. पुढे महाराष्ट्र राज्याच्या भाषा संचालनालयाने ‘पदनाम कोश’ तयार केला. त्यातून रूढ झालेली पदनामे आज मराठी माणसाच्या अर्जाच्या पहिल्या ओळीत असतात.

या पदनामांचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. सचिव, सहसचिव, उपसचिव, अवर सचिव. दुसऱ्या बाजूस मुख्य सचिव आणि अपर मुख्य सचिव. मूळ नाम एकच असून सारी उतरंड पूर्वपदांनी पेलली आहे. त्यांतही ‘अवर’ आणि ‘अपर’ यांच्यात एका अक्षराचा फरक आहे. सचिवालयाच्या व्यवस्थेत मात्र त्या दोन अधिकाऱ्यांमध्ये अनेक पायऱ्यांचे अंतर आहे. संस्कृत जाणणाऱ्यास अवर म्हणजे खालचा आणि अपर म्हणजे दुसरा हे ठाऊक असते. अर्ज घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या कानाला तो भेद लागत नाही. येथे शब्द स्वकीय आहे. परंतु ज्यांच्यावर तो चालतो त्यांच्यासाठी तो मुद्रेवरचाच शब्द राहिला आहे.

या व्याकरणातून एक उपयुक्त कसोटी हाती येते. पूर्वपद लागते ते पदनाम. लागत नाही ते बिरुद. १८८८ मध्ये मुंबईत लोकांनी जोतीराव फुल्यांना ‘महात्मा’ म्हटले. पुढे टिळकांना ‘लोकमान्य’ म्हटले. ‘उपमहात्मा’ किंवा ‘सहलोकमान्य’ ही रूपे संभवत नाहीत. संभवली तर ती विनोदाची होतील. बिरुद एका व्यक्तीविषयी काही सांगते. पदनाम मात्र उरलेल्या सर्वांविषयीही सांगते, कारण त्याचा अर्थ वरच्या आणि खालच्या पायरीवाचून पूर्ण होत नाही. म्हणूनच एखादे पदनाम सुटे घेऊन त्याची व्युत्पत्ती सांगणे हे त्याचे अर्धेच वाचन होय.

४

चंडीगढने नावांनाच रजा देण्याचा प्रयत्न केला. व्यक्तींचे पुतळे शहरात उभारू नयेत, असे ल कॉर्बुझिए यांनी शहरवासीयांसाठी घालून दिलेल्या आज्ञापत्रात आहे. विभागांना नावे नसून क्रमांक आहेत. रस्त्यांचेही व्ही-१ पासून पुढे वर्ग पाडले आहेत. सरकारी नोकरांची घरे पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी आखली. त्यांचे आरंभी तेरा प्रकार होते. प्रकार १ मुख्यमंत्र्यांसाठी, तर प्रकार १३ सर्वांत कमी वेतनाच्या कर्मचाऱ्यांसाठी. प्रकाराच्या आकड्यापुढे वास्तुकाराच्या नावाचे आद्याक्षर येते. सेक्टर ५ मधील जानरे यांचे स्वतःचे घर ‘४-जे’ या प्रकारातले आहे.

रावबहादूर, रावसाहेब यांचा काळ संपवून राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब रद्द केले. त्यानंतरच्या पहिल्या दशकात हे शहर उभे राहिले. त्यामुळे त्याच्या आकड्यांत समतेचा एक आशय होता, हे मान्य करावयास हवे. प्रकार १३ च्या घरातही वीज, पाणी व शौचालय असावे, हा आग्रह त्या काळी लहान नव्हता. तरीसुद्धा येथे घडले ते राज्यव्यवहारकोशात घडलेल्या क्रियेचे दुसरे रूप आहे. तेथे एका नावाच्या जागी दुसरे नाव आले. येथे नावाच्या जागी आकडा आला. क्रम दोन्हीकडे अबाधित राहिला. इतकेच नव्हे, तर राहण्याचा पत्ता सांगताच माणसाचा हुद्दा कळावा, इतका तो येथे पारदर्शक झाला.

या संहितेत एक रिकामी जागा आहे आणि तिचा अन्वयार्थ लावल्यावाचून पुढे जाता येत नाही. कॅपिटलच्या रचनेत शिरोभागी राज्यपालांचा प्रासाद योजिला होता. लोकशाहीतील राजधानीच्या माथ्यावर असे निवासस्थान नेहरूंना प्रशस्त वाटले नाही आणि तो बांधला गेला नाही. सर्वोच्च पदाचे घर वगळल्यामुळे खालची उतरंड कोसळली काय? तसे झाले नाही. सचिवालयाची जाळी मंत्र्यांपाशी मोडतच राहिली. शिखर काढून टाकणे ही थोर कृती होती; परंतु पायऱ्यांना शिखर लागतेच असे नाही. त्यांना दोन टोकांमधील अंतर पुरेसे असते.

५

याच परिसरातील उच्च न्यायालयात या प्रश्नाचे सर्वांत अलीकडचे आणि सर्वांत बोलके प्रकरण सापडते. वकीलवर्ग स्वतःला बंधुसमाज मानतो. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम १६ ने मात्र त्यात ‘ज्येष्ठ’ आणि ‘इतर’ असे दोन वर्ग केले आहेत आणि कलम २३ ने कोणाचे म्हणणे आधी ऐकावे याचा क्रम लावून दिला आहे. येथे पदनाम शोभेचे नाही; ते बोलण्याची पाळी ठरविते. भाषेच्या अभ्यासकाने याहून अधिक लक्ष कशाकडे द्यावे?

संबोधनांचा बदल येथेही झाला. ‘माय लॉर्ड’ टाळून सुटसुटीत आदरार्थी शब्द वापरावेत, अशी भूमिका भारतीय विधिज्ञ परिषदेने २००६ मध्ये घेतली. २०११ मध्ये या न्यायालयाच्या वकील संघटनेनेही त्याच दिशेने ठराव केला. हा बदल राज्यव्यवहारकोशाच्या जातीचा आहे : नाव बदलावयाचे, स्थान तेच ठेवावयाचे. त्याहून वेगळी गोष्ट १२ ऑक्टोबर २०१७ रोजी घडली. इंदिरा जयसिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नावाला हात न लावता मापाला हात घातला. ज्येष्ठपद देण्यासाठी शंभर गुणांची पद्धत आली : व्यवसायाच्या वर्षांसाठी २०, वकिलाचे कायदेविषयक प्रतिपादन दर्शविणारे निकाल आणि विनामोबदला केलेले काम इत्यादींसाठी ४०, प्रकाशित लेखनासाठी १५ आणि मुलाखतीसाठी २५. मे २०२३ मध्ये लेखनाचे गुण ५ झाले आणि निकालांचे ५०. पुढे १३ मे २०२५ रोजी जितेंदर प्रकरणात न्यायालयाने गुणपद्धतीच बंद केली. निर्णय पुन्हा सर्व न्यायमूर्तींच्या एकत्रित विचारावर सोपविला आणि जिल्हा व विचारणी न्यायालयांत काम करणाऱ्या वकिलांचाही विचार व्हावा, असे सुचविले.

ही आठ वर्षे पदनामाच्या इतिहासात मोलाची आहेत. गुणांमुळे माप प्रथमच मोजल्या जाणाऱ्यांना दिसले. कशाला किती किंमत आहे, हे त्यांना वाचता आले आणि त्याविषयी भांडता आले. त्याच वेळी हजारीचा जुना दोषही परत आला : आकडा माणसाच्या जागी उभा राहिला. शिवाय मापाची एक भाषा होती. घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाचे कामकाज प्रामुख्याने इंग्रजीत चालते. जिल्ह्याच्या ठिकाणी मराठीत किंवा पंजाबीत उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाचे कौशल्य बोलण्यातच जन्मते आणि बरेचसे बोलण्यातच विरते. निकालपत्रे आणि लेख मोजणाऱ्या तराजूत त्याचे वजन कसे भरावे? हा प्रश्न तक्त्याने निर्माण केला नाही. तक्त्यामुळे तो उघड झाला, हे मात्र खरे. तक्ता गेला, तरी प्रश्न तसाच उभा आहे. फरक एवढाच, की आता तो आकड्यांत दाखविता येत नाही.

६

वरील विवेचनातून तीन प्रकारचे बदल समोर येतात. राज्यव्यवहारकोशाने नाव बदलले. चंडीगढच्या आखणीने नाव पुसून आकडा ठेवला आणि क्रमाचे शिखर वगळले. २०१७ च्या निकालाने माप उघडे केले. पहिल्या दोन बदलांचे कौतुक आपण पुष्कळ केले. तिसरा फसला म्हणून त्याच्याकडे पाठ फिरविण्याची शक्यता अधिक आहे. परंतु समूहातील सभासदाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा होता. आपल्याला खालची पायरी का मिळाली, हे विचारण्याचा आधार त्याने दिला होता.

तौलनिक अभ्यासाने यातून घ्यावयाचा बोध पद्धतीविषयी आहे. पदनामांची तुलना करताना शब्दासमोर शब्द ठेवून थांबू नये. स्थानासमोर स्थान ठेवावे आणि त्यानंतर मापासमोर माप ठेवावे. तसे केल्यास पदनाम कोश हा केवळ संदर्भग्रंथ राहत नाही. त्या समाजाने माणसांविषयी केलेले ते एक दीर्घ विधान ठरते. पदनामाची परीक्षा त्याच्या व्युत्पत्तीने होत नाही आणि त्याच्या अंकाच्या अचूकपणानेही होत नाही. ते नाकारताना नाकारणाऱ्याला कारण सांगावे लागते की नाही, यावर ती होते. कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या भिंतींवर मोठे दालन कोणाचे हे स्पष्ट वाचता येते. ते त्यांचेच का, याचे उत्तर भिंत देत नाही. ते भाषेनेच द्यावयाचे आहे.