मेंडेलच्या दहा बिया

३:१ तुम्हाला पाठ असणारच. पण मेंडेलचा १८६६चा मूळ निबंध वाचलाय का? जरूर वाचा. ५४७४ गोल बिया, १८५० सुरकुतलेल्या. पिढीगणिक मोजदाद करण्याची ही शिस्त हीच निबंधाची खरी ताकद आहे.

आता त्याची कच्ची बाजू बघा. प्रभावी लक्षण दाखवणारं झाड शुद्ध की संकरित, हे त्याच्या संततीवरूनच कळतं. शेंग, खोड अशा लक्षणांसाठी मेंडेलने प्रत्येक झाडाच्या दहाच बिया पेरल्या. संकरित झाडाची दहाही रोपं प्रभावी निघण्याची शक्यता ०.७५चा दहावा घात, म्हणजे सुमारे ५.६ टक्के. अशी झाडं चुकून शुद्धांत मोजली जाणार. त्यामुळे ६०० झाडांत संकरित साधारण ३७८ दिसायला हवी होती. मेंडेलने नोंदवली ३९९, जवळजवळ तंतोतंत २:१!

१९३६मध्ये फिशरने नेमकं यावरच बोट ठेवलं. वाद अजून मिटलेला नाही. नियम मात्र टिकला. म्हणून पेपर वाचताना निष्कर्षाआधी नमुना किती ते बघा. आणि स्वतःचा डेटा अपेक्षेशी फारच जुळला, तर खूश होण्याआधी पद्धत तपासा.