दरोडेखोर म्हातारे झाले तर? 'द न्यूटन बॉईज' आणि एका साक्षीची उलटतपासणी

बॉनी आणि क्लाइड ही जोडी तुम्हाला माहीत असेल. जेसी जेम्सचं नाव कानावरून गेलं असेल. डिलिंजरवरचा जॉनी डेपचा सिनेमाही पाहिला असेल. पण न्यूटन बंधू? विलिस, डॉक, जेस आणि जो. टेक्सासमधल्या युव्हॅल्डी भागातले, कापसाच्या शेतीत राबणाऱ्या गरीब घरातले हे चार भाऊ. १९१९ ते १९२४ या पाच वर्षांत आपण ८० पेक्षा जास्त बँका आणि सहा रेल्वेगाड्या लुटल्या, असं विलिस म्हातारपणी सांगायचा. आणि एकही माणूस मारला नाही, हेही न चुकता सांगायचा.

या भावांवर रिचर्ड लिंकलेटरने १९९८ मध्ये 'द न्यूटन बॉईज' काढला. मॅथ्यू मॅकॉनहे विलिस, ईथन हॉक जेस, व्हिन्सेंट डोनोफ्रिओ डॉक आणि स्कीट उलरिच जो. नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्या ब्रेंटवूड ग्लासकॉकच्या भूमिकेत कंट्री गायक ड्वाइट योकम. एवढी मंडळी असूनही सिनेमा पडला. खर्च २.७ कोटी डॉलर, अमेरिकेतली कमाई साधारण एक कोटी. रॉजर ईबर्टसारख्या समीक्षकालाही हे भाऊ कंटाळवाणे वाटले. आज लिंकलेटरची चर्चा 'बिफोर' मालिका आणि 'बॉयहूड'पाशी थांबते, या सिनेमाचा साधा उल्लेखही क्वचितच होतो.

माझं संशोधन गुन्हेगारांनी स्वतः दिलेल्या तोंडी साक्षी पडद्यावर येताना त्यांचं काय होतं, याबद्दल आहे. त्यामुळे हा सिनेमा मला पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. दर वेळी वाटतं की त्याला दोष दिले गेले ते चुकीचे होते, आणि खरा दोष होता तो कुणी फारसा काढलाच नाही. दोन्ही गोष्टी नीट मांडून बघतो.

मोजपट्टी कुठली?

आधी तक्रार काय होती ते बघू. सिनेमात ताण नाही, धोका नाही, कुणी मरत नाही, भाऊ हसतखेळत बँका फोडतात.

रॉबर्ट वॉरशो नावाच्या समीक्षकाने १९४८ मध्ये गँगस्टरपटांवर एक निबंध लिहिला. सिनेमाच्या अभ्यासात तो अजून वाचावाच लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गँगस्टर हा शोकांतिकेचा नायक असतो. यश मिळवायचं म्हणजे गर्दीतून वेगळं व्हायचं, आणि वेगळा झालेला माणूस एकटा पडतो, मारला जातो. म्हणून त्याचा शेवट ठरलेलाच. प्रेक्षक त्याच्या मरणाची वाट बघत बसलेला असतो.

'बॉनी अँड क्लाइड' (१९६७) या चौकटीत चपखल बसतो. गोळ्यांनी चाळण झालेले ते दोन देह ज्याने पाहिले तो विसरत नाही. आता न्यूटन बंधूंचं बघा. जेस १९६० मध्ये गेला, विलिस १९७९ मध्ये, जो थेट १९८९ मध्ये. म्हणजे चौघेही म्हातारे झाले. डॉकने तर १९६८ मध्ये, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, टेक्सासमधल्या रोवेना गावात पुन्हा एक बँक फोडायला घेतली आणि पकडला गेला.

अशा माणसांची शोकांतिका होत नाही, किस्सा होतो. किस्स्याला कळसाची गरज नसते. त्यात तपशील लागतो, हजरजबाबीपणा लागतो आणि सांगणारा जिवंत असावा लागतो. लिंकलेटरने हे बरोबर ओळखलं. त्याचे आधीचे सिनेमेही माणसं बोलत बसण्याचेच आहेत. इथे त्याने दरोड्यांना गप्पांची लय दिली. जे त्यात गोळीबाराची लय शोधत होते त्यांना सिनेमा सपक वाटणारच.

तिजोरीचा आकार

या लयीचा फायदा म्हणजे कामाचा तपशील दिसतो. न्यूटन मंडळी बहुतेक बँका रात्री फोडत. टेलिफोनच्या तारा आधी तोडायच्या. मग तिजोरीच्या दाराच्या फटीला साबण लिंपून आत नायट्रोग्लिसरीन सोडायचं आणि उडवायचं. हे जमत होतं ते चौकोनी दाराच्या जुन्या तिजोऱ्यांवर. गोल दाराच्या नव्या तिजोऱ्यांचं दार इतकं घट्ट बसायचं की द्रव आत शिरायला वावच नसे.

बँका हळूहळू गोल दारांकडे वळतात आणि भावांचा धंदा बसायला लागतो, ही गोष्ट सिनेमा फार छान सांगतो. त्यांना कुठला धाडसी पोलीस संपवत नाही. त्यांची कला जुनी होत जाते, एखाद्या कारागिराची व्हावी तशी. सिनेमाचं सगळ्यात चांगलं यश मला हेच वाटतं. इथे दरोडा हा व्यवसाय म्हणून समोर येतो. हत्यारं, हंगाम, जोखीम, आणि बाजार बदलला की उपासमार.

पण किस्सा सांगतंय कोण?

इथून माझ्या अभ्यासाचा भाग सुरू होतो. सिनेमाचा मुख्य आधार म्हणजे क्लॉड स्टॅनुश आणि डेव्हिड मिडलटन यांनी म्हाताऱ्या विलिस आणि जोकडून ऐकून घेतलेल्या आठवणी. त्यातून आधी १९७० च्या दशकात एक माहितीपट झाला, मग १९९४ मध्ये पुस्तक आलं. पटकथेतही स्टॅनुशचा हात आहे. म्हणजे तुम्ही पडद्यावर बघता ती आरोपीची बाजू, आणि तीही पन्नास वर्षं सांगून सांगून गुळगुळीत झालेली.

मौखिक इतिहासात अशी साक्ष फेकून देत नाहीत. प्रश्न वेगळा विचारतात: हा माणूस कुठलं वाक्य पुन्हा पुन्हा सांगतो आणि का? विलिसची अशी दोन वाक्यं आहेत. एक, आम्ही कुणाला मारलं नाही. दोन, बँकांचा विमा होता, आणि बँकवाले, विमावाले हेच मोठे चोर. म्हणजे चोराने चोराला लुटलं, गरिबाचं काय गेलं? सिनेमातही विलिस भावांना याच युक्तिवादाने तयार करतो.

आज आपल्याला हे पटून जातं, कारण विमा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ठेव विमा येतो. बँक बुडाली तरी ठरावीक रकमेपर्यंत ठेव परत मिळणार, असा. पण अमेरिकेत असा केंद्रीय ठेव विमा १९३३ च्या कायद्याने आला. न्यूटन बंधू १९२४ मध्येच पकडले गेले होते. त्यांच्या काळात बँकेकडे असायचा तो चोरी-दरोड्याचा खासगी विमा. विमा कंपनी बँकेचं नुकसान भरून देणार, तेही पॉलिसीत असेल तेवढंच. टेक्सासमध्ये राज्य बँकांसाठी ठेवींच्या हमीचा एक निधी होता खरा, पण बँका इतक्या बुडाल्या की त्या ओझ्याखाली तो १९२७ मध्ये गुंडाळावा लागला.

आणि काळ कुठला होता? १९२० च्या वसंतात पाउंडाला ४० सेंटच्या आसपास असलेला कापसाचा भाव डिसेंबरपर्यंत १५ सेंटच्या खाली आला. शेतकऱ्याची कर्जं थकली, आणि त्या कर्जांवर उभ्या असलेल्या गावोगावच्या छोट्या बँका डळमळल्या. १९२१ ते १९२९ या काळात अमेरिकेत ५,००० हून जास्त बँका बंद पडल्या, त्यातल्या बहुतेक अशाच लहान, शेतीवर जगणाऱ्या. न्यूटन बंधू ज्या कापूसवाल्या घरातून आले होते, तशाच घरांचे पैसे यांतल्या कितीतरी बँकांत होते.

त्यात रोख्यांची गोष्ट आणखी वेगळी. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सामान्य लोकांना 'लिबर्टी बाँड' विकले होते. त्यातल्या कूपनवाल्या रोख्यांवर मालकाचं नाव नसे. ज्याच्या हातात, त्याचे. घरात ठेवायची भीती, म्हणून लोक ते बँकेत सुरक्षित ठेवायला देत. न्यूटन बंधूंना हे रोखे फार आवडत, कारण खपवायला सोपे. आता विचार करा, तिजोरीतून असा रोखा गेला तर गेलं कुणाचं? विलिसच्या 'चोराने चोराला' या हिशेबात ही माणसं कुठेच बसत नाहीत.

विलिस खोटं बोलत होता असं मला म्हणायचं नाही. बँकेचं काही नुकसान विम्यातून निघत असणार, तेवढं त्याचं खरं. पण अर्ध्या सत्यावर त्याने आयुष्यभर झोप घेतली. सिनेमाचा खरा दोष इथे आहे. ठेवीदाराची बाजू त्यात जवळपास येतच नाही. रात्री स्फोट होतो, गाडी धूळ उडवत निघून जाते, आणि सकाळी बँकेच्या दारात जमलेल्या माणसांपाशी कॅमेरा थांबत नाही. हिंसा कमी आहे ही तक्रार चुकीची होती. नुकसान कमी दिसतं, ही तक्रार मात्र करायला हवी होती.

जिथे किस्सा अडखळतो

तरीही लिंकलेटर विलिसचा निव्वळ भाट झालेला नाही. दोन ठिकाणी तो किस्स्याला तडा जाऊ देतो.

पहिलं टोरांटो. जुलै १९२३ मध्ये टोळीने तिथे भर दिवसा, रस्त्यात, बँकेच्या रकमा नेणाऱ्या निरोप्यांवर झडप घातली. निरोपे पिशव्या सोडेनात. गोळ्या सुटल्या, माणसं जखमी झाली. सिनेमात हा प्रसंग मुद्दाम गचाळ ठेवलाय. कोण कुठे पळतंय कळत नाही, आणि तोवरची सगळी मजा एकदम आंबट होते. समोर विमा कंपनी नसून पगारावर काम करणारा, पिशवी घट्ट धरून बसलेला माणूस आहे, हे तिथे पहिल्यांदा दिसतं. कुणी मेलं नाही यात भावांच्या सज्जनपणाइतकाच नशिबाचा वाटा होता, हेही.

दुसरं राँडाउट. १२ जून १९२४ ला शिकागोजवळ त्यांनी टपालगाडी लुटली. सुमारे ३० लाख डॉलरचा ऐवज. आतली खबर देणारा होता विल्यम फाही, टपाल खात्याचाच नावाजलेला इन्स्पेक्टर. अंधारात ग्लासकॉकने डॉकला ओळखलं नाही आणि आपल्याच माणसावर गोळ्या झाडल्या. जखमी डॉकला डॉक्टरकडे न्यावं लागलं आणि तिथून सगळं उलगडत गेलं.

यात एक कायद्याचा बारकावा आहे, तो माहीत असला तर सिनेमाचा उत्तरार्ध जास्त कळतो. बँक लुटणं हा अमेरिकेत १९३४ पर्यंत केंद्रीय गुन्हा नव्हता. राज्याची सीमा ओलांडली की मागे लागलेल्या शेरीफचे हात बांधले जात. टपाल मात्र केंद्र सरकारचं. म्हणजे ज्या फटीत हे भाऊ पाच वर्षं सुखाने राहिले होते, तिच्यातून ते स्वतःच बाहेर पडले. फाहीला २५ वर्षांची शिक्षा झाली. भावांनी बराचसा ऐवज परत केला आणि तुलनेने स्वस्तात सुटले. जेसने दारूच्या नशेत सॅन अँटोनिओजवळ पुरलेला त्याचा वाटा मात्र त्याला स्वतःलाच परत सापडला नाही. हा किस्सा तर कुणी रचूनही इतका चांगला जमला नसता.

श्रेयनामावली सुरू झाली तरी उठू नका

शेवटी पडद्यावर खरे न्यूटन येतात. जो जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात बसलाय, मिश्कील, प्रेक्षकांना हसवतोय. आणि माहितीपटातला विलिस, सुरकुतलेला, चिडलेला, आपण गुंड नव्हतो, धंदा करत होतो, हे पटवून देतोय.

बहुतेकांना हा गमतीचा बोनस वाटतो. मला तो सिनेमाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. दोन तास मॅकॉनहेच्या देखण्या चेहऱ्याने जो युक्तिवाद तुमच्या गळी उतरवला, तोच आता एक म्हातारा आवाज चढवून करतो. त्याचं म्हणणं खरंच इतकं सरळ असेल तर पन्नास वर्षांनीही ते इतक्या त्वेषाने का सांगावं लागतं? जो हसतो, विलिस भांडतो. एकाच आयुष्याच्या या दोन साक्षी लिंकलेटर शेजारीशेजारी ठेवतो आणि निकाल देत नाही. पुढे 'बर्नी' (२०११) मध्ये त्याने टेक्सासच्या खऱ्या गावकऱ्यांना नटांबरोबर बोलतं केलं, त्याचं बीज मला इथे दिसतं.

तेव्हा माझं मत विचाराल तर 'द न्यूटन बॉईज' हा चांगला सिनेमा आहे, महान नाही. ज्युलियाना मार्गुलीजच्या लुईसला फार थोडं काम आहे. नवऱ्याचा धंदा कळल्यावर तिच्या मनात काय चाललंय हे सिनेमाने विचारायला हवं होतं. मधला भाग थोडा सैल आहे. पण ज्या कारणांसाठी तो विस्मरणात गेला ती त्याची ताकद आहे: संथपणा, तपशील, मरणाशिवायचा शेवट.

बघाल तेव्हा एक करा. विलिस जितक्या वेळा बँकांना, विमावाल्यांना चोर म्हणेल तितक्या वेळा स्वतःला विचारा, त्या तिजोरीत त्या रात्री कुणाकुणाचं काय होतं. सिनेमाची मजा त्याने कमी होत नाही. उलट शेवटचा तो चिडलेला म्हातारा जास्त नीट ऐकू येतो.