जुन्या कायद्याच्या पुस्तकाचे मोल करताना

जांब्यात गुंठ्याचा भाव विचारला तर कोणीही चटकन सांगेल. हिंजवडी शेजारी, त्यामुळे ती सवयच झालीय. पण त्याच घराच्या माळ्यावरच्या ट्रंकेतून कायद्याचं एखादं जुनं पुस्तक निघालं, की मोल करणारा माणूस सापडत नाही. रद्दीवाला किलोवर घ्यायला तयार असतो आणि कोणी ओळखीचा ‘लाखात जाईल’ म्हणतो. आमच्या मते हे दोघेही पुस्तक न उघडताच बोलतात.

आधी एक भ्रम दूर करू. जुनं म्हणजे महाग, हे कायद्याच्या पुस्तकांना सहसा लागू पडत नाही. मुल्लांच्या हिंदू कायद्यावरच्या ग्रंथाची नवी आवृत्ती आली की वकील जुनी बाजूला टाकतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. कायदा बदलला की पुस्तकाचा धंद्यातला उपयोग संपतो. मग उरतं काय? तेच आज तपासायचं आहे.

उदाहरण म्हणून आर्थर स्टील यांचं दख्खनमधल्या हिंदू जातींच्या कायद्या-रूढींचं पुस्तक घेऊ. एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना हे काम झालं. पहिली आवृत्ती मुंबईत 1827 मध्ये निघाली, पुढची लंडनला 1868 मध्ये. ग्राहक पहिल्यांदा विचारतो तो मुखपृष्ठाच्या आतल्या पानावरचा सन. मग पानं पुरी आहेत का, वाळवी लागलीय का, बांधणी मूळची की नंतर केलेली. 1868 च्या आवृत्तीचा मजकूर इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो, म्हणून नुसतं वाचण्यासाठी त्या प्रतीला कोणी मोठी रक्कम देणार नाही. 1827 ची प्रत मात्र वेगळी गोष्ट. इथवर बाजाराचा हिशेब आम्हाला मान्य आहे.

पण या पुस्तकाचं खरं वजन दुसरीकडे आहे. त्याच वर्षी, 1827 ला, मुंबई इलाख्याचे जे रेग्युलेशन आले, त्यातल्या चौथ्याच्या 26 व्या कलमानं न्यायाधीशाला क्रम घालून दिला: सरकारी कायदा नसेल तर मुलखातली वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि शेवटी न्याय व सद्सद्विवेक. म्हणजे शास्त्राच्या आधी रूढी! पाट लावता येतो का, काडीमोड कशी होते, दत्तक कोणाला घेता येतो, हे पोथीवर नाही तर जातीच्या चालीवर ठरू लागलं. अशा वेळी चाली छापून ठेवणारं पुस्तक हे नुसतं वर्णन राहत नाही, कोर्टात ते माणसाच्या बाजूनं किंवा विरुद्ध बोलतं.

आणि इथेच आमची तक्रार आहे. ही उत्तरं दिली कोणी? शास्त्र्यांनी आणि जातीजातींच्या पुढाऱ्यांनी. पाट ज्यांचा लागायचा त्या बायकांचा आवाज या उत्तरांत नाही. शिवाय रूढी वाहती असते, गावागणिक बदलते. छापली की ती गोठते. पंचांनी एकदा सांगितलेलं पुढच्या पिढीला ‘पूर्वापार’ म्हणून दाखवता येतं. तेव्हा स्टील वाचताना ‘लोक असं वागत’ असं न वाचता ‘पंच असं सांगत’ असं वाचावं. एवढी सावधगिरी बाळगली तर पुस्तक फार मोलाचं आहे.

कोणी म्हणेल, आता 1955-56 चे कायदे आले, या रूढी मेल्या. बऱ्याचशा मेल्या, हे खरं. पण हिंदू विवाह कायद्याच्या 29 व्या कलमानं रूढीनं मिळणारी सोडचिठ्ठी राखून ठेवलीय. अशी रूढी खरोखर होती का, हा वाद आजही कोर्टात सिद्ध करावा लागतो. ज्या बाईचं दुसरं लग्न त्यावर टिकतं किंवा मोडतं, तिच्यासाठी हा इतिहास नाही.

आता आपल्या मुळशीचं बघा. 1894 चा भूसंपादन कायदा. त्याच्या जोरावर टाटांच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या, 1921 मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. तो कायदा थेट 2014 च्या सुरुवातीला जाऊन नव्या कायद्यानं बदलला. त्याची छापील पुस्तिका बाजारात कवडीमोलाची. पण समजा, तिच्या समासात कोणा शेतकऱ्यानं किंवा त्याच्या वकिलानं पेन्सिलीनं जमिनीचा दर, नोटिशीची तारीख, हरकतीचा मसुदा लिहिलाय. पुस्तकविक्रेता त्याला ‘लिहून खराब केलेली प्रत’ म्हणेल आणि भाव पाडेल. आम्ही म्हणू, छापील मजकूर हजारो प्रतींत आहे. हा समास एकाच प्रतीत आहे. इथे बाजाराचा काटा सरळ उलटा फिरवावा लागतो.

म्हणून मोल करायला बसलात तर पुस्तक रबरानं पुसू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. कोरी पानंसुद्धा धरून प्रत्येक पानाचा फोटो काढा. आत दुमडलेला कागद निघाला तर तो कोणत्या पानात होता ते लिहून ठेवा. हस्तलिखित 75 वर्षांहून जुनं आणि ऐतिहासिक महत्त्वाचं असेल, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यात ते येतं, आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला परस्पर पाठवता येत नाही. विकायचं की ठेवायचं हे घरानं ठरवावं. फक्त समास वाचून झाल्यावर ठरवावं.