त्रिकला जाळ्यांतील शक्तिप्रवाह नियंत्रक : प्रतिमानांची मर्यादा

पारेषण वाहिनीवरील शक्तिप्रवाह हव्या त्या मार्गाने वळविण्याची, नरेन हिंगोराणी यांनी १९८०च्या दशकात मांडलेली कल्पना केंटकीतील आयनेझ उपकेंद्रात १९९८ साली एकीकृत नियंत्रकाच्या रूपाने प्रत्यक्षात आली. अशा उपकरणांच्या प्रतिमानांविषयी एन्रिके आचा व सहकाऱ्यांचा २००४ सालचा ग्रंथ महत्त्वाचा आहे. न्यूटन-रॅफसन पद्धतीत नियंत्रकाची चले जाळ्याच्या चलांसोबतच सोडविणे हे त्याचे बलस्थान होय. त्रिकला जाळ्यासाठी त्यात स्वतंत्र प्रकरणही आहे.

तथापि अनेक अभ्यास एककला प्रतिमानावरच थांबतात. तिन्ही फेज समतोल आहेत, हे त्यामागील गृहीतक. तारांची अदलाबदल न केलेली लांब वाहिनी किंवा दोन फेजवर जोडलेला २५ केव्ही रेल्वे कर्षणाचा भार असला की ते टिकत नाही. ऋण अनुक्रमाचा विद्युतदाब रूपांतरकाच्या एकदिश बाजूकडील धारित्रावर दुप्पट वारंवारतेचे, म्हणजे आपल्याकडे १०० हर्ट्झचे, स्पंदन निर्माण करतो; तेच पुढे तिसऱ्या प्रसंवादीच्या रूपाने जाळ्यात उतरते. दोन रूपांतरकांची केवळ सरासरी शक्ती समान मानणाऱ्या मूलवारंवारतेच्या प्रतिमानास हे दिसतच नाही, मग ते त्रिकला का असेना. गणन चार-पाच आवर्तनांत अभिसृत झाले, एवढ्यावरून प्रतिमान ग्राह्य ठरविण्याची प्रथा म्हणूनच सदोष वाटते. निदान पदव्युत्तर प्रबंधांत असंतुलित भाराच्या एका उदाहरणाची कालक्षेत्रात पडताळणी जोडली जावी. मोठ्या जाळ्यासाठी ती फार वेळखाऊ ठरते, हे मात्र मान्य करावे लागेल.