‘स्मृतिचित्रे’मधील क्षमाभाव : ख्रिस्ती श्रद्धेच्या नित्य आचरणाच्या संदर्भात

प्रस्तावना :

मराठी आत्मचरित्रात्मक वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे स्थान अनन्यसाधारण आहे. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा विचार प्रामुख्याने तीन अंगांनी झालेला दिसतो : निवेदनातील निरागसता, निर्विष विनोद आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यासोबतच्या सहजीवनाचे चित्रण. हे तिन्ही विशेष ज्या एका वृत्तीतून उगम पावतात, ती क्षमावृत्ती मात्र स्वतंत्र विचाराचा विषय क्वचितच झाली आहे. क्षमा हा आयुष्यात एकदाच घडणारा उदात्त प्रसंग नसून संसारात रोज करावी लागणारी कृती आहे, ही ख्रिस्ती धारणा ‘स्मृतिचित्रे’मध्ये कशी साकार झाली आहे, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

ऋण आणि क्षमा :

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेसाठी ऋणाची प्रतिमा वापरलेली आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘देणे’ असा असून मराठी पवित्र शास्त्रानेही ‘ऋण’ हाच शब्द स्वीकारला आहे. रोजच्या भाकरीच्या मागणीला लागूनच ही मागणी येते. भाकरी जशी आजची आज लागते, तशीच क्षमाही, असा बोध या क्रमातून होतो. याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात पेत्राने सात वेळा क्षमा करण्याची मर्यादा सुचविली असता येशू ती सत्तर गुणिले सातपर्यंत नेतो. पुढील दृष्टान्तात दहा हजार तालांतांचे ऋण माफ झालेला दास आपल्या सोबत्याला शंभर दिनारांसाठी धरतो. एक दिनार म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, हे ध्यानात घेतल्यास एकीकडे सहा कोटी दिवसांची मजुरी आणि दुसरीकडे शंभर दिवसांची, असा हा विरोध आहे. क्षमा करणारा स्वतः आधी मोठा ऋणको असतो, हे या दृष्टान्ताचे मर्म होय.

लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात आणखी एक महत्त्वाची बाब आढळते. तेथे अपराध करणाऱ्या बंधूला प्रथम दोष दाखवावा आणि तो पस्तावला तर दिवसातून सात वेळाही क्षमा करावी, असा क्रम सांगितला आहे. अर्थात ख्रिस्ती क्षमा ही अपराधाबद्दलचे मौन नव्हे.

वियोगाचा काळ :

टिळकांना नव्या कराराकडे आकृष्ट करणारा भाग म्हणजे डोंगरावरील प्रवचन होय. प्रभूची प्रार्थना याच प्रवचनात येते. परंतु ज्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी क्षमा आहे, तिचा स्वीकार करताना टिळकांच्या हातून पत्नीवर मोठा आघात झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. कर्मठ सोवळ्यात वाढलेल्या त्या काळच्या स्त्रीच्या दृष्टीने पती जिवंत असूनही संसार उद्ध्वस्त होण्याचाच हा प्रकार होता. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधल्या पाच वर्षांत वियोग, आप्तांच्या आश्रयाने पंढरपूरचे वास्तव्य आणि नगरला आल्यावर वेगळी चूल मांडून पाळलेले सोवळे असे टप्पे आहेत.

या भागात समेटाचा एकही नाट्यपूर्ण प्रसंग लक्ष्मीबाई रंगवीत नाहीत. त्यांचे परतणे पायरीपायरीने होते. आधी एका गावात, मग एका घरात, परंतु दोन चुलींवर आणि शेवटी एका पंक्तीत. क्षमेची ही संथ गती हेच तिच्या खरेपणाचे गमक होय.

विनोद आणि क्षमा :

टिळकांचा तापट स्वभाव, न सांगता घर सोडून जाण्याची सवय, पैशाबाबतची बेफिकिरी यांचे तपशील ग्रंथात विपुल आहेत. ते वगळलेले नाहीत, सौम्यही केलेले नाहीत. मात्र त्यांची वसुली कोठेही नाही. हिशेब चोख ठेवायचा आणि येणे सोडून द्यायचे, अशी ही निवेदनाची रीत आहे. विनोद येथे साधन म्हणून येतो. ज्या प्रसंगावर दोष देणारी व्यक्ती स्वतः हसू शकते, त्या प्रसंगातील विष उतरलेले असते. शिवाय हा विनोद एकतर्फी नाही. स्वतःचा हट्ट, भाबडेपणा आणि फजिती यांनाही लक्ष्मीबाई त्याच हास्याच्या कक्षेत आणतात.

क्षमा की सोशिकता? :

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. क्षमेची अपेक्षा समाजाने नेहमी स्त्रीकडूनच अधिक केली आहे. मग लक्ष्मीबाईंची क्षमा म्हणजे पतिव्रताधर्माला दिलेले ख्रिस्ती नाव तर नव्हे? हा आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही. आरंभीच्या काळात त्यांचे सोसणे हे बहुतांशी निरुपायाचे होते, हे मान्य करावे लागते. निरुपायातून आलेल्या सोशिकतेला क्षमा म्हणता येत नाही; ज्याला नाकारण्याची मुभा आहे, त्याचीच क्षमा ही क्षमा ठरते.

तथापि ग्रंथलेखनाच्या काळी परिस्थिती बदललेली होती. टिळकांचे निधन १९१९ मध्ये झाले. लेखणी लक्ष्मीबाईंच्या हाती होती आणि उत्तर देणारे कोणी नव्हते. टिळकांचे देवत्वीकरण करणे किंवा त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे, हे दोन्ही मार्ग त्यांना मोकळे होते. त्यांनी दोन्ही नाकारले. सोशिकता दोष झाकते. ‘स्मृतिचित्रे’ दोष नोंदविते आणि मगच सोडून देते. लूककृत शुभवर्तमानातील क्रमाशी हे सुसंगत आहे. एक फरक मात्र उरतो : मृत व्यक्ती पस्तावू शकत नाही, म्हणून ही क्षमा एकाच बाजूने पूर्ण झालेली आहे. ग्रंथातील हास्याखाली जाणवणारी व्याकुळता याच अपुरेपणातून येत असावी.

ऋणको म्हणून लक्ष्मीबाई :

बाप्तिस्म्यापूर्वी लक्ष्मीबाईंनी जातिभेद सोडला, हा ग्रंथातील निर्णायक टप्पा होय. जात ईश्वराने नव्हे, तर माणसाने निर्माण केली, या निष्कर्षाप्रत त्या स्वतःच्या विचाराने आल्या. त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांना वर्ज्य राहिले नाही. क्षमेच्या दृष्टीने पाहता येथे त्यांची भूमिकाच पालटते. पतीच्या संदर्भात त्या धनको आहेत. ज्यांना आजवर दूर ठेवले, त्यांच्या संदर्भात त्या ऋणको ठरतात. हे ऋण त्यांनी शब्दांनी नव्हे, तर एकत्र जेवण्याने, प्लेगच्या साथीतील शुश्रूषेने आणि परक्या मुलांना आपल्या घरात दिलेल्या आसऱ्याने फेडले, असे या प्रसंगांचे वाचन करता येते. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले, ही बाबही याच संदर्भात लक्षणीय ठरते.

समारोप :

‘स्मृतिचित्रे’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ नव्हे आणि क्षमेवर त्यात प्रवचनही नाही. परंतु क्षमा म्हणजे विस्मरण, ही रूढ समजूत हा ग्रंथ खोडून काढतो. विसरलेल्या गोष्टीची क्षमा करता येत नाही. जे स्वच्छ आठवते, त्याचीच क्षमा करावी लागते, आणि ते पुन्हा आठवले की पुन्हा करावी लागते. सत्तर गुणिले सात या संख्येचा अर्थ कदाचित इतका घरगुती आहे. आत्मचरित्र हा स्मरणाचा वाङ्मयप्रकार असल्याने अशा क्षमेची खरी कसोटी तेथेच लागते. त्या कसोटीला उतरलेल्या मोजक्या मराठी ग्रंथांत ‘स्मृतिचित्रे’ची गणना करावी लागेल.