वकीलपत्र कोणी दिलं?

मंडळी, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पवईपाशी आपण सगळेच कधी ना कधी अडकलोय. हा रस्ता रुंद झाला तो एमयूटीपी प्रकल्पात, जागतिक बँकेच्या कर्जातून. 2002 साली कर्ज मंजूर झालं. रेल्वे आणि रस्ते मिळून लाखाच्या वर माणसं हलवायची होती. त्या कामात स्पार्क, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि महिला मिलन ही त्रयी सरकारची भागीदार होती.

त्यांचं काम कमी लेखू नका. रुळालगतच्या बायकांनी स्वतः झोपड्या मोजल्या, याद्या केल्या, बचत उभी केली. हजारो कुटुंबं पोलिसांच्या लाठीशिवाय हलली. आपल्या शहरात हे नवलच. अर्जुन अप्पादुराईंनी याला 'खोल लोकशाही' म्हटलं. माझा आक्षेप त्याच्या पुढचा आहे.

'प्रतिनिधित्व' हा आपला एक शब्द दोन कामं करतो: कुणाच्या वतीने बोलणं, आणि कुणाचं चित्र उभं करणं. जर्मनमध्ये त्याला दोन शब्द आहेत. गायत्री स्पिवाक यांनी 1988च्या निबंधात मार्क्सचा आधार घेऊन ते मुद्दाम वेगळे ठेवले. इथे मात्र दोन्ही कामं एका हातात आली. जी संस्था यादी करते, तीच बँकेपुढे लोकांची बाजू मांडते आणि स्थलांतरही घडवून आणते. मग जो यादीतून सुटला, त्याचा वकील कोण? आणि यादीत असूनही ज्याला प्रस्ताव मान्य नाही, त्याचा?

हा नुसता तर्काचा खेळ नाही. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडच्या वाटेत कुर्ल्याचे दुकानदार होते. दुकान कितीही मोठं असो, फुकट मिळणार होते 225 चौरस फूट. 2004 मध्ये ते थेट बँकेच्या इन्स्पेक्शन पॅनेलकडे गेले. त्या वर्षी या प्रकल्पाच्या अशा चार तक्रारी झाल्या. डिसेंबर 2005च्या अहवालात पॅनेलने बँकेच्या कारभारावर ताशेरे ओढले. बाधितांचा मूळ अंदाजच सुमारे 80 हजारांचा होता, तो 1 लाख 20 हजारांवर गेला. मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा पैसा थांबवला, जूनअखेर पुन्हा सोडला.

आता गंमत बघा. हे पॅनेल आलं कुठून? नर्मदेवरून! सातपुड्यातली मणिबेलीसारखी गावं बुडणार, म्हणून देशोदेशीच्या संघटनांनी बँकेला घेरलं. 1992 मध्ये मोर्स समितीचा अहवाल आला, 1993 मध्ये पॅनेल स्थापन झालं. संघटनांच्या एका जाळ्याने लढून उघडलेलं दार कुर्लेकरांनी ठोठावलं, तेही दुसरं जाळं जिथे भागीदार होतं त्या प्रकल्पाविरुद्ध.

यावर नेहमीचं उत्तर असं, की दुकानदार म्हणजे काही गरिबांतले गरीब नव्हेत. खरंय. वकिलाने आपलं अशील जरूर निवडावं. पण बाकीच्यांच्या नावाने सही का करावी? कोर्टात वकीलपत्र लागतं, आणि अशील ते काढूनही घेऊ शकतो. इथे ते काढून घ्यायचं कुठे? मला विचाराल तर मोजणी आणि वकिली एका संस्थेकडे देऊच नये.

असो. प्रश्नोत्तरांत, या प्रकल्पात ज्यांचं घर किंवा दुकान हललं असेल, त्यांनी आधी बोलावं.